चव्वेचाळीस पायऱ्या

...आणि लिफ्ट नाही! नाही म्हणजे नाहीच हो! बंद आहे, बिघडलीय, येईल थोड्या वेळात, असलं काही नाही, मुळात बसवलेलीच नाही, एकशे अकरा वर्षांत कुणाच्या डोक्यातच आलं नाही! मी त्या काउंटरवरच्या बाईंना तीन वेळा विचारलं, तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, म्हटलं आपलंच बोलणं कळत नसेल, लिफ्ट, उद्‌वाहन, वर जायची पेटी... आणि बाई तिन्ही वेळेला तेच हसू हसून म्हणतात, "सर, ही ऐतिहासिक वास्तू आहे, इथं साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते." अहो, खिळा कोण ठोकतंय? मला काय तिथं कॅलेंडर लावायचंय? आणि आमची खोली कुठे, तर तिसऱ्या मजल्यावर! मग या एकशे अकरा वर्षांत कुणाचे पाय मोडले नाहीत? कुणी म्हातारं झालं नाही? तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगतोय.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ नॅशनल पार्कात गेला, झाडं बघावीत, तळं बघावं, हा लिफ्ट काय शोधत बसला! तर तुम्हाला सांगतो, मी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात. दोर, ब्रेक, मोटर, दाराचे रोलर, डोळे मिटून सांगतो काय बिघडलंय ते. लोक इमारतीत शिरले की रंग बघतात, फरशी बघतात, मी आधी लिफ्ट बघतो आणि मग ठरवतो की हे लोक बरे आहेत की नाहीत. जिना हा प्रकार मी कधी वापरलेलाच नाही, जिना म्हणजे लिफ्टच्या शेजारी असतो तो, एवढीच आमची ओळख.

पण लिफ्ट मला माझ्यासाठी नको होती हो. आमच्या हिच्यासाठी हवी होती.

त्याचं असं झालं. मी निवृत्त व्हायला तीन आठवडे राहिले होते. आमच्या इमारतीची लिफ्टही मीच बघतो, घरचं काम म्हणून. तर त्या दिवशी सकाळी मी खाली 'काम चालू आहे' अशी पाटी लावली, लिफ्ट बंद केली, वर गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत गेलो, मोटर उघडली, कोपरापर्यंत ग्रीस... आणि आवाज आला. मी आवाजातला माणूस, मला कुठला आवाज कशाचा ते कळतं, आणि हा आवाज यंत्राचा नव्हता. तसाच धावलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिन्यात ही बसलेली, एक पाय भलत्याच दिशेला, चेहरा पांढराफटक. आणि माझ्याकडे बघून तीनच शब्द बोलली, "लिफ्ट बंद होती."

बस्स. तीन शब्द. पुन्हा कधी विषय नाही, आरोप नाही, टोमणा नाही. अहो, टोमणा मारला असता तर बरं झालं असतं! चाळीस वर्षं जी बाई भाजीत मीठ जास्त झालं तर मीठवाल्याचा उद्धार करते, ती गप्प! मग मी काय करणार? मी भांडी घासायला लागलो. सकाळचा चहा मी, कपडे वाळत घालणं मी, तिच्या उशीला टेकू मी. निवृत्तीच्या समारंभाला एकटाच गेलो, फोटोत एकटाच उभा, हातात गुच्छ धरून, कुणाच्या तरी अंत्यविधीला आल्यासारखा.

पायात सळई घातली, हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला, म्हणाले, "पाय पक्का झालाय, आता फक्त चाला, जिने चढा." आणि ही जिना म्हटलं की जागच्या जागी खांबासारखी! सपाट जमिनीवर चालेल, लिफ्टमधून खाली जाईल, पण एक पायरी आडवी आली की संपलं. व्यायाम शिकवायला बाई यायची, तिनं एक लाकडी पाट आणून दिला, म्हणाली यावर रोज वीस वेळा चढा-उतरा. महिन्याभरानं बघतो तर त्या पाटावर कुंडी! आठ महिने असे गेले. लेक फोनवर रडायची, "बाबा, आई अशी घरात बसून राहिली तर कसं होईल?" आणि मी इकडे भांडी घासत घासत म्हणायचो, होईल गं, होईल... आणि आत काहीतरी टोचायचं. लिफ्ट बंद होती. कुणी केली होती बंद?

तर लेकीनं आणि जावयानं मिळून हे ठरवलं. निवृत्तीची भेट, चार दिवस, नॅशनल पार्कातल्या त्या प्रसिद्ध लॉजमध्ये. आणि लेक मोठ्या हौसेनं म्हणते, "बाबा, सगळ्यात वरची खोली मिळालीय, खिडकीतून सगळं तळं दिसतं!" हल्लीच्या जगात तिसरा मजला म्हटलं की लिफ्ट असणारच, तिनं विचारलं नाही, मी विचारलं नाही. मी! लिफ्टवाला! मी नाही विचारलं!

बरं, लॉज कसं? तुम्हाला सांगतो, आत पाऊल टाकलं आणि माझी मान मागे गेली ती गेलीच. अख्खे झाडांचे ओंडके, दोन माणसांनी कवेत घ्यावेत असे, साल काढून गुळगुळीत केलेले, खालून थेट छपरापर्यंत. मधोमध दगडी शेकोटी, एवढी की आमचं स्वयंपाकघर तिच्यात मावेल आणि वर कपडे वाळत घालायला जागा उरेल. आणि त्या दालनाच्या एका अंगानं वर जाणारा तो जिना... रुंद, लाकडी, शंभर वर्षांच्या बुटांनी मध्ये झिजलेला. मी सवयीनं मोजला. बावीस पायऱ्या, मग एक थांबा, मग आणखी बावीस. चव्वेचाळीस. आणि मी हिच्याकडे बघितलं. ही त्या जिन्याकडे बघत होती, जसं आपण दात काढायच्या खुर्चीकडे बघतो.

म्हणाली, "मी इथंच बसते."

"अगं, इथंच म्हणजे कुठं? चार दिवस?"

"सोफा चांगला आहे."

मी पुन्हा काउंटरवर. खालची खोली द्या. "सर, खालच्या सगळ्या भरल्यात." कुणाशी बदलून द्या. "सर, विचारलं, कुणी तयार नाही." मग त्या बाईंनाच कल्पना सुचली, हो, आमच्याकडे दोन धट्टेकट्टे गडी आहेत, मॅडमना खुर्चीत बसवून अलगद वर नेतील. मी येऊन हिला सांगितलं. असं काही बघितलं माझ्याकडे! "उचलून न्यायला मी काय कपाट आहे?"

झालं. बसलो सोफ्यावर. सामान शेजारी, आम्ही दोघं, समोर ती शेकोटी. एक तास. दीड तास. मी मनातल्या मनात त्या दालनात लिफ्ट बसवून टाकली हो, कोपऱ्यात शाफ्ट, मोटर छपराखाली, ओंडक्याला धक्का न लावता! कागदावर काढून त्या बाईंना दाखवली पण! त्या म्हणाल्या, "छान आहे चित्र." चित्र! तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगतोय.

आणि चारच्या सुमाराला आत आला वनरक्षक. डोक्यावर ही एवढी हॅट, बुटांना चिखल. त्यानं दालनाच्या मधोमध उभं राहून, मोठ्यानं नाही हं, कुजबुजल्यासारखं सांगितलं, "तळ्यापलीकडे अस्वलीण आलीय, पिल्लं आहेत बरोबर. इथून झाडांमुळे दिसणार नाही, वरच्या सज्जातून दिसेल. आवाज करू नका." आवाज करू नका म्हणे! अहो, पन्नास-साठ माणसं एकदम उठली, चहाचे कप तसेच, पत्ते तसेच, एकाच्या पायात एकच मोजा, आणि सगळी त्या लाकडी जिन्यावरून धडाधडा धडाधडा... नव्वदीच्या एक आजीबाई काठी काखेत मारून पळत गेल्या! आणि मग सामसूम. दालनात आम्ही दोघंच.

आणि वरून आवाज आला, साठ माणसांचा मिळून एकच, "आहाऽऽऽ!"

आता तुम्हाला आमच्या हिचा स्वभाव सांगायला हवा. इमारतीत कुणाचं भांडण झालं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा जावई रुसून निघून गेला, हिला ते आधी कळतं, मग त्या घरातल्यांना. जगात काहीतरी घडतंय आणि आपल्याला ते माहीत नाही, हे हिला सोसत नाही. तहान-भूक सोसेल, हे नाही.

"काय दिसतंय त्यांना?"

"अस्वल. त्यानं सांगितलं ना आत्ता."

"ते कळलं हो. पिल्लं किती?"

"मला इथं बसून काय माहीत?"

वरून पुन्हा, "अगंऽऽ बाईऽऽ!" आणि पाठोपाठ हशा. हशा, बरं का! अस्वलांनी हसण्यासारखं काय केलं असेल? ही सोफ्याच्या कडेवर आली. "हसले का?" मी खांदे उडवले. "जा, बघून या आणि मला सांगा." मी म्हटलं, "तुला एकटीला सोडून मी जाणार नाही." "मग काय, दोघांनीही बघायचं नाही? आणि घरी गेल्यावर लेकीला काय सांगायचं, सोफा बघितला?"

वरून तिसऱ्यांदा, "आहाऽऽऽ!"

आणि ही उठली.

मी तिच्या मागोमाग उठलो हो. श्वास घेतला नाही. बत्तीस वर्षांत एकदा दोर तुटायला आलेल्या लिफ्टमध्ये चार माणसं अडकली होती, तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो. ती जिन्यापाशी गेली, कठड्यावर हात ठेवला, पहिल्या पायरीकडे बघितलं... बघितलं... आणि चांगला पाय वर, मग दुसरा पाय वर. एक. मी मागे, दोन्ही हात पसरून, गोलरक्षकासारखा. दोन. तीन. सहाव्या पायरीला म्हणते, "मागून फुंकर घालू नका." मी श्वास सोडत होतो! नऊला थांबली. तिच्या मानेवर घाम, कठड्यावरची बोटं पांढरी पडलेली. मी म्हटलं, "उतरू या का?" "उतरायला पण जिनाच लागतो ना?" हे खरं होतं. दहा. अकरा.

बावीसला तो थांबा आला आणि ती तिथंच पायरीवर बसली.  मी शेजारी बसलो. तिनं माझं मनगट धरलं, असं घट्ट की घड्याळ रुतलं. आणि तुम्हाला सांगतो, तो तिचा हात बघितला आणि आठ महिने आत जे काही दाबून ठेवलं होतं ते भसकन बाहेर आलं. म्हटलं, "माझ्यामुळे झालं गं. त्याच दिवशी लिफ्ट बंद करायची काय गरज होती? रविवारी केली असती, दुपारी केली असती. तू एका शब्दानं बोलली नाहीस, पण मला रोज ऐकू येतं. मला माफ कर." आणि डोळे भरून आले हो, त्या ऐतिहासिक वास्तूत, मधल्या पायरीवर.

  तिनं माझं मनगट सोडलं आणि समोरच्या ओंडक्याकडे बघत म्हणाली, "लिफ्टमुळे नाही पडले मी."

"काय?"

"टाचेच्या सँडलमुळे पडले."

"कुणाच्या?"

"माझ्या. अडीच इंची."

अहो, मला काही उमजेचना! या बाईनं जन्मात सपाट चपलेशिवाय काही घातलं नाही. अडीच इंची कुठून आल्या? तर म्हणाली, "तुमच्या समारंभासाठी घेतल्या होत्या. प्रत्येक फोटोत मी तुमच्या खिशापर्यंत येते. म्हटलं, एकदा तरी खांद्यापर्यंत यावं. आणि व्यासपीठाला पायऱ्या असणार, म्हणून जिन्यात सराव करत होते. तुम्ही मोटरच्या खोलीत गेलात की दोन तास खाली येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तोच दिवस धरला."

"पण मी आलो तेव्हा तुझ्या पायात काहीच नव्हतं!"

"जिन्यात ती आगीसाठी वाळूची बादली असते ना, तिच्यात पुरल्या."

"मोडक्या पायानं?"

"हात चांगले होते ना."

ऐकताय ना? पायाचे दोन तुकडे झालेत, नवरा वरून धावत येतोय, आणि ही बाई वाळू उकरतेय! म्हटलं, "मग ते लिफ्ट बंद होती, ते काय होतं?" तर म्हणते, "तुम्ही अचानक आलात, काहीतरी बोलायला हवं होतं, जे पहिलं सुचलं ते बोलले. या वयात टाचा घालून आपटले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"पण नंतर? आठ महिने झाले! आठ महिन्यांत एकदा सांगावंसं वाटलं नाही?"

आता मात्र तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी अपराधी चेहऱ्यानं. "सांगणारच होते हो. दवाखान्यातून घरी आल्यावर सांगणार होते. पण तुम्ही भांडी घासायला लागलात." जरा थांबली. "आणि छान घासता."

मी चिडायला हवं होतं की नाही? सांगा, हवं होतं ना? आठ महिने! मी चिडायला म्हणून तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर आलं, आणि मला हसताना बघून ती हसली, पोट धरून, पदर तोंडाला लावून, आणि शेवटी दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. मगाशी जे छातीवर होतं ना, ते कुठं गेलं ते कळलंच नाही. आठ महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मीही नव्हतो.

मग म्हणाली, "उठा, अस्वल जाईल." आणि उरलेल्या बावीस ती कशी चढली, ते मी नीट बघितलंच नाही, कारण मीच मागे राहिलो होतो, धापा टाकत.

सज्जात लोकांनी वाट करून दिली, त्या नव्वदीच्या आजीबाईंनी स्वतःची जागा दिली. आणि आम्हाला काय दिसलं सांगू? अस्वलाचा पार्श्वभाग. झाडीत शिरताना. तेवढाच. पिल्लं आधीच गेली होती. हिनं वनरक्षकाला बाजूला घेतलं, किती होती, कशाला हसलात, आई कशी वागली, बाप कुठं असतो, सगळी उलटतपासणी झाली, आणि संध्याकाळी लेकीला फोनवर असं वर्णन केलं, असं वर्णन केलं, की मलाही वाटायला लागलं, मी तिथं नव्हतोच.

मग पुढचे तीन दिवस! सकाळी चहाला खाली, चष्मा राहिला म्हणून वर, तळ्यावर जायला खाली, शाल हवी म्हणून वर. मी म्हणायचो, "अगं, मी आणतो," तर म्हणायची, "तुम्ही बसा, तुम्हाला दम लागतो." एकदा ती एकटीच खाली गेली. मी वर कठड्याला टेकून तिची पावलं ऐकत होतो. लाकडाचा आवाज, एकेक पायरी वेगळी वाजते. बावीस... थांबली... निघाली... चव्वेचाळीस. मग मी डोळे उघडले. शेजारी काउंटरवरच्या बाई उभ्या, कुणाच्या खोलीत टॉवेल द्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, तुमचं ते लिफ्टचं चित्र वरच्या साहेबांकडे पाठवू का?" मी म्हटलं, "बाई, फाडून टाका." आणि त्यांचा हातच हातात घेऊन आभार मानले. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. खोलीत टीव्ही नव्हता, फोनला एका खिडकीतच रेंज येत होती, पलंग कुशीवर वळलं की गाऱ्हाणं सांगायचा, आणि मी रोज उठून त्या ओंडक्यांना मनातल्या मनात नमस्कार करत होतो. तक्रार नाही हं माझी, खरंच नाही, एका शब्दाची नाही.

निघायच्या दिवशी मी सामान घेऊन गाडीपाशी उभा, ही येईना. बघतो तर त्या हॅटवाल्या वनरक्षकापाशी उभी, दोघांच्या मध्ये नकाशा, ही माना डोलावतेय आणि कागदावर सही करतेय. गाडीत बसल्यावर म्हणते, "पुढच्या वर्षीचं ठरवून टाकलं." मी म्हटलं, "छान केलंस, तीच खोली ना?" "खोली कसली हो? खोलीतून अस्वलाची पाठ दिसते. डोंगरावर तंबूत राहायचं. तीन दिवस. वर जायला अकरा किलोमीटर, पण रमतगमत जायचं, असं तो म्हणाला." "आणि सामान?" "आपलं आपणच न्यायचं. पाठीवर." मी लेकीला फोन केला, म्हटलं आईला समजाव, तर ती म्हणते, "बाबा, मीच तुमच्यासाठी पाठीवरची पिशवी पाठवलीय!"

म्हणून ही पिशवी. तुम्ही इमारतीत नवीन आलात, मघापासून बघताय, विचारत नाही, म्हणून सांगितलं. नाही, नाही, गावाला नाही चाललोय. सराव चाललाय. आत बटाटे आहेत, पाच किलो. तुमच्या मजल्यावर जरा दम घ्यायला थांबलो, तर तुम्ही खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, फार बरं वाटलं. आणखी दोन मजले आहेत. तिनं वरून हाक मारायच्या आत निघतो, नाहीतर तिला वाटेल, वाटेत गप्पा मारतोय म्हणजे पाच किलो मला जमायला लागले... आणि उद्यापासून सात भरेल.